लोन पेअर आणि रेणूंचे आकार: ठाणे-नवी मुंबईतल्या अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांचे नेहमीचे प्रश्न

वर्ग नौपाड्यातला असो, ऐरोलीतला किंवा बेलापूरचा, रासायनिक बंधाचा धडा सुरू झाला की पुढचे प्रश्न येतातच. वर्गात सगळे जो शब्द वापरतात तोच इथे ठेवला आहे: लोन पेअर, म्हणजे एकाकी इलेक्ट्रॉन जोडी. सूत्रांऐवजी रेणूंची नावं दिली आहेत. वाचताना वही उघडी ठेवा आणि प्रत्येक रेणूचं सूत्र स्वतः मांडत जा. निम्मा धडा तिथेच पक्का होतो.

लोन पेअर म्हणजे नेमकं काय?

अणूच्या सर्वांत बाहेरच्या कवचातल्या इलेक्ट्रॉनांपैकी काही शेजारच्या अणूबरोबर वाटून घेतले जातात. त्या झाल्या बंध जोड्या. जे वाटून घेतले जात नाहीत आणि जोडीने त्याच अणूपाशी राहतात, त्या लोन पेअर. नायट्रोजनकडे पाच संयुजा इलेक्ट्रॉन, म्हणजे बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन, असतात. अमोनियात त्यांतले तीन, तीन हायड्रोजनांशी बंध जुळवण्यात जातात आणि दोन उरतात, म्हणजे एक लोन पेअर. पाण्यातल्या ऑक्सिजनकडे सहापैकी चार उरतात, म्हणजे दोन लोन पेअर. मिथेनमधल्या कार्बनकडे एकही उरत नाही.

इलेक्ट्रॉन ठिपक्यांनी दाखवायची पद्धत गिल्बर्ट लुईस यांच्या १९१६ सालच्या मांडणीतून आली. कागदावर लोन पेअर म्हणजे अणूच्या कडेला दिलेले दोन ठिपके, म्हणून ती किरकोळ वाटते. रेणूत मात्र तिची जागा बंध जोडीपेक्षा मोठी असते.

जी जोडी बंधात भागच घेत नाही, ती आकार कसा बदलते?

बाहेरच्या कवचातल्या सगळ्या जोड्या एकमेकींपासून शक्य तितक्या लांब राहतात. बंधातली असो वा एकाकी, हा नियम सगळ्यांना सारखाच. नेव्हिल सिजविक आणि हर्बर्ट पॉवेल यांनी १९४० मध्ये हा विचार मांडला. रोनाल्ड गिलेस्पी आणि रोनाल्ड नायहोम यांनी १९५७ मध्ये त्याला आजचं रूप दिलं. तोच आपला व्हेस्पर (VSEPR) सिद्धांत, म्हणजे संयुजा कवचातल्या इलेक्ट्रॉन जोड्यांच्या प्रतिकर्षणाचा सिद्धांत.

आता फरक कुठे पडतो ते पाहा. बंध जोडी दोन अणुकेंद्रकांच्या मध्ये असते आणि दोन्हीकडून ओढली जाते, त्यामुळे ती लांबट आणि सडपातळ होते. लोन पेअरला एकच केंद्रक ओढतं. ती मध्यवर्ती अणूला बिलगून राहते आणि बाजूंना पसरते. तिच्या शेजारच्या बंध जोड्यांना मग सरकून घ्यावं लागतं आणि त्यांच्यातला कोन कमी होतो.

तीन रेणू शेजारी शेजारी ठेवले की हे आकड्यांत दिसतं. मिथेन, अमोनिया आणि पाणी, तिन्हींत मध्यवर्ती अणूभोवती चारच जोड्या आहेत. मिथेनमध्ये कोन १०९.५°. अमोनियात एक लोन पेअर आहे, कोन सुमारे १०७°. पाण्यात दोन, कोन १०४.५°. प्रतिकर्षणाचा क्रमही यातूनच लक्षात राहतो: लोन पेअर विरुद्ध लोन पेअर सर्वांत जास्त, लोन पेअर विरुद्ध बंध जोडी त्याहून कमी, बंध जोडी विरुद्ध बंध जोडी सर्वांत कमी.

एक बारकावा. ‘ऋण प्रभार एकमेकांना ढकलतात’ एवढंच कारण सांगितलं तर ते अपुरं आहे. सारख्या फिरकीचे दोन इलेक्ट्रॉन एकाच जागी राहू शकत नाहीत हे पाउलीचं तत्त्व यामागचं मुख्य कारण आहे. परीक्षेत पहिलं वाक्य चालून जातं, पण समजून घेताना दुसरं धरून ठेवा.

लोन पेअर मोजायच्या कशा? ठिपक्यांची आकृती काढण्यात वेळ जातो.

प्रवेश परीक्षेत पुढची पद्धत दहा सेकंदांत उत्तर देते. मध्यवर्ती अणूचे संयुजा इलेक्ट्रॉन घ्या. ऋण प्रभार असेल तर तेवढे मिळवा, धन प्रभार असेल तर तेवढे वजा करा. मग भोवतालच्या प्रत्येक अणूमागे त्याला स्थिर व्हायला जितके इलेक्ट्रॉन हवेत तितके वजा करा: हायड्रोजन किंवा हॅलोजनमागे १, ऑक्सिजनमागे २, टोकाच्या नायट्रोजनमागे ३. जे उरेल त्याला दोनाने भागा. हीच मध्यवर्ती अणूवरच्या लोन पेअरची संख्या.

सल्फर टेट्राफ्लोराइड: ६ वजा ४, उरले २, एक लोन पेअर. झेनॉन टेट्राफ्लोराइड: ८ वजा ४, उरले ४, दोन. ट्रायआयोडाइड आयन: ७ अधिक १ वजा २, उरले ६, तीन. अमोनियम आयन: ५ वजा १ वजा ४, शून्य. सल्फेट आयन: ६ अधिक २ वजा ८, शून्य. झेनॉन ट्रायऑक्साइड: ८ वजा ६, एक.

चुका ठरलेल्या असतात. पहिली म्हणजे आयनाचा प्रभार विसरणे. टेट्राक्लोरोआयोडेट आयनात तो एक जादा इलेक्ट्रॉन धरला नाही तर ३ उरतात, भागाकार दीड येतो आणि गडबड होते. धरला की ४ उरतात, दोन लोन पेअर, आकार चौरस प्रतलीय. दुसरी चूक म्हणजे ऑक्सिजनमागे १ वजा करणे. तसं केलं तर कार्बन डायऑक्साइडमधल्या कार्बनवर एक लोन पेअर येते, जी तिथे नाहीच. भागाकार अर्ध्यात आला तर आधी बेरीज-वजाबाकी तपासा. ती बरोबर असेल तर रेणूत खरोखरच एकटा इलेक्ट्रॉन आहे. नायट्रोजन डायऑक्साइड तसाच आहे, त्याचा प्रश्न पुढे येईल.

‘रेणूत एकूण लोन पेअर किती’ आणि ‘मध्यवर्ती अणूवर किती’ हे वेगळे प्रश्न आहेत का?

पूर्ण वेगळे, आणि पेपरात मुद्दाम विचारले जातात. प्रत्येक फ्लोरीनवर स्वतःच्या तीन लोन पेअर असतात. त्यामुळे झेनॉन टेट्राफ्लोराइडमध्ये एकूण १४ (फ्लोरीनच्या १२, झेनॉनच्या २), तर झेनॉन डायफ्लोराइडमध्ये एकूण ९. आकार ठरवताना फक्त मध्यवर्ती अणूवरच्या धरायच्या.

मांडणी आणि आकार यात फरक काय? अमोनिया चतुष्फलकीय लिहिलं तर चूक का?

जोड्यांची मांडणी सांगताना लोन पेअर मोजतात. रेणूचा आकार सांगताना फक्त अणू कुठे आहेत तेवढंच पाहतात, कारण प्रयोगातून मिळणारे बंधकोन आणि लांबी अणुकेंद्रकांच्या जागांवरून काढलेले असतात. अमोनियात जोड्यांची मांडणी चतुष्फलकीय (चार त्रिकोणी बाजूंच्या घनाकृतीच्या चार कोपऱ्यांकडे) आहे, पण रेणूचा आकार पिरॅमिड. पाण्यात मांडणी पुन्हा चतुष्फलकीय, आकार वाकलेला. प्रश्नात कोणता शब्द आहे ते दोनदा वाचा. उत्तर येत असूनही गुण जातात ते सर्वांत जास्त इथेच.

चार फ्लोरीन असलेले सगळे रेणू एकाच आकाराचे का नसतात?

या एका प्रश्नावर नीट थांबलात तर धडा हातात आला. कार्बन, सल्फर आणि झेनॉन यांचे टेट्राफ्लोराइड घ्या. तिघांभोवती चार-चार फ्लोरीन.

कार्बनवर लोन पेअर नाही. चार जोड्या, चतुष्फलक, सगळे कोन १०९.५°.

सल्फरवर एक आहे, म्हणजे एकूण पाच जोड्या. पाच जोड्यांची मांडणी त्रिकोणी द्विपिरॅमिड: मधल्या पट्ट्यात तीन जागा एकमेकींशी १२०° वर आणि वर-खाली दोन जागा पट्ट्याशी ९०° वर. लोन पेअर मधल्या पट्ट्यात बसते आणि उरतो सी-सॉचा आकार. कुठल्याही बागेतली सी-सॉची फळी डोळ्यांपुढे आणा: फळीची दोन टोकं म्हणजे वर-खालचे फ्लोरीन आणि खालचे दोन पाय म्हणजे पट्ट्यातले. लोन पेअर या सगळ्यांना आपल्यापासून दूर लोटते, म्हणून फळीचा १८०° चा कोन सुमारे १७३° होतो आणि पायांमधला १२०° चा कोन सुमारे १०२° पर्यंत येतो.

झेनॉनवर दोन आहेत, एकूण सहा जोड्या, मांडणी अष्टफलकीय (चार एका प्रतलात चौकोनात, एक वर, एक खाली). दोन्ही लोन पेअर समोरासमोर, एक वर आणि एक खाली. चारही फ्लोरीन एका प्रतलात, आकार चौरस. इथे कोन बरोबर ९०° राहतो, कारण वरची जोडी जेवढं खाली ढकलते तेवढंच खालची वर ढकलते.

परिणाम गुणधर्मांतही दिसतो. कार्बन आणि झेनॉनचे टेट्राफ्लोराइड सममित असल्यामुळे त्यांचं द्विध्रुव आघूर्ण (रेणूतला धन आणि ऋण प्रभार किती विभागला आहे याचं माप) शून्य. सल्फरचा रेणू ध्रुवीय.

पाच जोड्यांत लोन पेअर मधल्या पट्ट्यातच का बसते? वर का नाही?

वरच्या जागेला ९०° वर तीन शेजारी असतात, पट्ट्यातल्या जागेला दोनच. पट्ट्यातले दुसरे दोघे १२०° वर असतात आणि तेवढ्या अंतरावर त्यांचा त्रास जवळपास नसतो. जी जोडी जास्त जागा मागते ती जिथे गर्दी कमी तिथे जाते.

क्लोरीन ट्रायफ्लोराइडमध्ये दोन लोन पेअर आहेत, त्यामुळे तीन शक्यता निघतात. ९०° वरच्या जोड्या मोजून निवड करा. दोन्ही वर-खाली ठेवल्या तर लोन पेअर आणि बंध जोडी यांच्या ९०° च्या सहा टकरी. एक वर आणि एक पट्ट्यात ठेवली तर अशा तीनच टकरी, पण लोन पेअर विरुद्ध लोन पेअर ही सर्वांत वाईट टक्कर ९०° वर येते, म्हणून ही शक्यता लगेच बाद. दोन्ही पट्ट्यात ठेवल्या तर चार टकरी, आणि लोन पेअर एकमेकींपासून १२०° वर. हीच खरी. उरतो टी-आकार, किंचित वाकलेला, कोन सुमारे ८७.५°.

बंधांची लांबीही हेच सांगते: मधल्या पट्ट्यातला क्लोरीन-फ्लोरीन बंध सुमारे १६० पिकोमीटर, वर-खालचे दोन सुमारे १७० पिकोमीटर. वर-खालच्या फ्लोरीनना ९०° वर दोन-दोन लोन पेअर सोसाव्या लागतात, म्हणून ते लांब सरकतात.

झेनॉन डायफ्लोराइड आणि ट्रायआयोडाइडमध्ये तीन लोन पेअर असतात. तिन्ही पट्टा व्यापतात आणि रेणू सरळ रेषेत उरतो. ‘लोन पेअर असली की रेणू वाकतो’ असं पाठ केलेल्यांची इथे हमखास चूक होते.

ब्रोमीन पेंटाफ्लोराइडचं काय?

सहा जोड्या, एक लोन पेअर, आकार चौरस पिरॅमिड. पायाचे चार फ्लोरीन लोन पेअरपासून दूर, वरच्या फ्लोरीनकडे झुकतात. कोन ९०° ऐवजी सुमारे ८५°.

दुहेरी बंध असेल तर दोन जोड्या धरायच्या का?

नाही. दिशा एकच असल्यामुळे दुहेरी किंवा तिहेरी बंध एकच गट म्हणून धरा. पण तो गट जाड असतो, म्हणून लोन पेअरप्रमाणेच तोही शेजाऱ्यांना थोडं ढकलतो. इथिलीनमध्ये लोन पेअर नसूनही दोन हायड्रोजनांमधला कोन १२०° ऐवजी सुमारे ११७° भरतो तो यामुळे.

कार्बन डायऑक्साइड सरळ, मग सल्फर डायऑक्साइड वाकलेला का?

कार्बन: ४ वजा ४, शून्य. दोनच गट, रेणू रेषीय, कोन १८०°. सल्फर: ६ वजा ४, एक लोन पेअर. तीन गट, मांडणी त्रिकोणी, कोन सुमारे ११९°. ओझोनमध्येही मधल्या ऑक्सिजनवर एक लोन पेअर आहे, कोन सुमारे ११७°.

मोबाइलवर ठाण्याचा किंवा नेरूळचा हवेचा निर्देशांक बघताना याकडे लक्ष द्या. देशाच्या निर्देशांकात आठ प्रदूषक धरतात. त्यांतले चार म्हणजे सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड, ओझोन आणि अमोनिया. चौघांचाही आकार मध्यवर्ती अणूवरच्या न वाटलेल्या इलेक्ट्रॉनांनी ठरवलेला आहे. सल्फर डायऑक्साइड वाकलेला आणि ध्रुवीय आहे. तो पाण्यात चांगला विरघळतो आणि डोळ्यांच्या, नाकाच्या ओलसर त्वचेला झोंबतो. त्याची २४ तासांची मर्यादा घनमीटरमागे ८० मायक्रोग्रॅम आहे, अमोनियाची ४००.

नायट्रोजन डायऑक्साइडमध्ये तर एकच इलेक्ट्रॉन उरतो. मग?

मग परिणामही अर्धामुर्धाच. तीन रूपं शेजारी ठेवा. नायट्रोनियम आयनात नायट्रोजनवर उरलेला इलेक्ट्रॉन एकही नाही: कोन १८०°. नायट्रोजन डायऑक्साइडवर एक: सुमारे १३४°. नायट्राइट आयनात पूर्ण जोडी: सुमारे ११५°. एकेक इलेक्ट्रॉन वाढला की रेणू आणखी वाकतो. लोन पेअरचा प्रभाव इतक्या स्वच्छपणे दाखवणारं दुसरं उदाहरण अभ्यासक्रमात सापडणार नाही.

त्या एकट्या इलेक्ट्रॉनामुळेच हा तपकिरी वायू थंड केला की त्याचे दोन-दोन रेणू जोडले जातात आणि रंग फिका पडतो.

नायट्रोजन ट्रायफ्लोराइडचा कोन अमोनियापेक्षा कमी का? फ्लोरीन तर हायड्रोजनपेक्षा मोठा आहे.

इथे अणूचा आकार नव्हे, विद्युतऋणता, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची क्षमता, पाहायची. फ्लोरीन बंध जोडी स्वतःकडे ओढून नेतो. नायट्रोजनजवळ बंध जोड्यांची गर्दी कमी होते आणि लोन पेअर त्यांना आणखी जवळ दाबू शकते. म्हणून अमोनियात १०७°, ट्रायफ्लोराइडमध्ये सुमारे १०२°.

द्विध्रुव आघूर्णातही हाच रेणू फसवतो. अमोनियात बंधांचा आणि लोन पेअरचा परिणाम एकाच दिशेने असतो, बेरीज १.४७ डिबाय (हे द्विध्रुव आघूर्णाचं एकक). ट्रायफ्लोराइडमध्ये दिशा उलट पडतात, शिल्लक जेमतेम ०.२३.

हायड्रोजन सल्फाइडचा कोन सुमारे ९२° आहे, त्याचं कारण याच्या जवळचं आहे. सल्फर मोठा, त्याच्या बंध जोड्या केंद्रकापासून दूर, त्यामुळे त्या एकमेकींना फारशा ढकलत नाहीत. फॉस्फिनमध्येही म्हणूनच सुमारे ९३.५°.

हे सगळं घरी हातात धरून बघता येईल का?

येईल, आणि जरूर करा. कागदावर १०९.५° चा चतुष्फलक काढता येत नाही, म्हणून अर्धा गोंधळ होतो.

फुगे: जांभळी नाक्याच्या बाजारातून साधे गोल फुगे आणा. चार फुगे एकाच मापाचे, साधारण २० सेंमी फुगवा. दोन-दोनच्या गाठी मारा आणि दोन्ही जोड्या मध्यावर एकमेकींत पिळा. फुगे सपाट ठेवायचा प्रयत्न केलात तरी ते आपोआप चतुष्फलकात जातात. तीन जोड्या पिळल्या तर अष्टफलक. आता चारांतला एक फुगा सोडवून वेगळ्या रंगाचा, थोडा जास्त फुगवलेला बसवा. ही लोन पेअर. उरलेले तिघे जवळ येताना दिसतील. फुगे कमी-जास्त फुगलेले असतील तर लोन पेअर नसतानाही आकृती वाकडी होते, म्हणून प्रत्येकाची रुंदी दोरीने मोजून घ्या. गाठ सैल राहिली तर पाच फुग्यांची मांडणी सारखी जागा बदलते. तिथे पीळ एक जास्त द्या.

चणे: काबुली चणे ८ तास भिजवा आणि टूथपिक घ्या. मधल्या चण्याच्या मध्यापासून काडीच्या टोकापर्यंत ६ सेंमी अंतर ठेवा. मग कोनमापकाची गरज नाही, दोन टोकांमधलं अंतर पट्टीने मोजा: मिथेनसाठी ९.८ सेंमी, अमोनियासाठी ९.६, पाण्यासाठी ९.५, तीन गटांच्या १२०° साठी १०.४, चौरसाच्या ९०° साठी ८.५. मिथेन आणि पाणी यांत टोकांपाशी जेमतेम तीन मिलिमीटरचा फरक पडतो. एवढ्या लहान फरकातून किती मोठे गुणधर्म ठरतात हे तेव्हा जाणवतं. चणा कच्चा राहिला तर फुटतो, फार भिजला तर काडी सैल होते. नीट भिजलेला चणा सुकताना काडी घट्ट धरतो, म्हणून मॉडेल एक रात्र तसंच ठेवा. लोन पेअरच्या जागी काडी न लावता कापसाचा मोठा बोळा चिकटवा. जागा भरलेली आहे पण तिथे अणू नाही, हे बघणाऱ्याला लगेच कळतं.

अमोनियाचा रेणू छत्रीसारखा उलटतो हे खरं का?

खरं आहे. पावसाळ्यात कोपरी पुलावर वारा आला की छत्री उलटी होते, तसा नायट्रोजन तीन हायड्रोजनांच्या प्रतलातून पलीकडे जातो आणि लोन पेअर विरुद्ध बाजूला येते. यासाठी लागणारी ऊर्जा फक्त सुमारे २४ किलोज्यूल प्रति मोल आहे. या उलटापालटीशी निगडित वारंवारिता जवळपास २४ गिगाहर्ट्झ. चार्ल्स टाउन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात पहिलं मेसर (लेसरसारखाच, पण सूक्ष्मलहरींचा स्रोत) बनवलं ते अमोनियाच्या याच हालचालीवर. या उलटण्यामुळेच तीन वेगवेगळे गट असलेल्या साध्या अमाइनची (अमोनियातल्या हायड्रोजनांच्या जागी कार्बनचे गट आलेल्या संयुगांची) डावी-उजवी रूपं वेगळी काढता येत नाहीत. ती सतत एकमेकांत बदलत असतात.

लोन पेअर व्यवहारात कुठे कामाला येते?

नवी मुंबईतल्या ज्या शीतगृहांत अमोनियावर गारवा तयार करतात, तिथे अमोनियाचे पाइप पोलादाचे असतात, तांब्याचे किंवा पितळेचे नाही. ओलावा आणि हवा असली की अमोनिया आपली लोन पेअर तांब्याच्या आयनाला देतो आणि तांबं झिजत जातं. प्रयोगशाळेत सॉल्ट अ‍ॅनालिसिस करताना तांब्याच्या क्षाराच्या द्रावणात जास्त अमोनिया घातला की गडद निळा रंग येतो, तोही हाच बंध. सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका अमोनियात विरघळतो, त्यामागेही तीच जोडी.

गारवा देण्याची ताकदही तिचीच. लोन पेअर शेजारच्या रेणूतल्या हायड्रोजनला ओढते, म्हणून अमोनिया उणे ३३° सेल्सियसला उकळतो, तर फॉस्फिन उणे ८८° ला. रेणूंमधली ही ओढ तोडायला उष्णता लागते आणि ती शीतगृहातल्या मालातून घेतली जाते.

पाण्यात दोन लोन पेअर आणि दोन हायड्रोजन. त्यामुळे बर्फात प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांना चतुष्फलकाच्या दिशांनी धरतो. रचना पोकळ होते आणि बर्फ पाण्यावर तरंगतो.

लोन पेअर दिली की तिचा परिणाम संपतो का?

बराचसा. अमोनियाने प्रोटॉन घेऊन अमोनियम झाला की ती जोडी बंध जोडी बनते आणि कोन १०७° वरून १०९.५° वर येतो. बोरॉन ट्रायफ्लोराइड अमोनियाची लोन पेअर घेतो तेव्हा त्याचाही सपाट त्रिकोण मोडून चतुष्फलकाकडे वळतो.

संकरण आधी शिकायचं की व्हेस्पर?

आकार काढायला व्हेस्पर. गटांची बेरीज कळली की संकरणाचं (अणूच्या कक्षकांच्या मिसळणीचं) नाव त्यावरून लिहिता येतं. उलट दिशेने गेलात तर पाठांतरावर अवलंबून राहाल. आणि पाण्याच्या दोन लोन पेअर सशाच्या कानांसारख्या अगदी सारख्या काढतात, ते आकार समजण्यापुरतं ठीक आहे. प्रकाशइलेक्ट्रॉन वर्णपटात त्या इलेक्ट्रॉनांच्या दोन वेगवेगळ्या ऊर्जा दिसतात.

व्हेस्पर चुकतो कुठे?

जड मध्यवर्ती अणूंपाशी सांभाळा. हेक्साक्लोरोटेल्युरेट आयनात हिशोबाने एक लोन पेअर येते, तरी आकार नियमित अष्टफलक आहे. सहा मोठे क्लोरीन इतकी दाटी करतात की ती जोडी आतल्या गोलाकार कक्षकातच राहते. झेनॉन हेक्साफ्लोराइडमध्येही एकच लोन पेअर, पण तिथे रेणू वेडावाकडा होतो. डायक्लोरीन ऑक्साइडमध्ये ऑक्सिजनवर दोन लोन पेअर असून कोन सुमारे १११°, कारण दोन क्लोरीन एकमेकांना खेटतात. ट्रायसिलिलअमाइन तर सपाट आहे: नायट्रोजनची जोडी सिलिकॉनच्या बाजूला पसरते. संक्रमण धातूंच्या संयुगांना ही पद्धत लावूच नका. निकेलचा टेट्रासायनो आयन चौरस का, हे इथल्या हिशोबातून निघत नाही.

सगळे कोन पाठ करावे लागतील का?

पाच आकडे पाठ असू द्या: १८०, १२०, १०९.५, १०७ आणि १०४.५. बाकी ठिकाणी ‘९०° पेक्षा थोडा कमी’, ‘१२०° पेक्षा कमी’ असं कारणासह लिहिलं तरी उत्तर पूर्ण होतं. क्रम लावायचा प्रश्न आला तर आधी लोन पेअरची संख्या बघा. ती सारखी असेल तर मध्यवर्ती अणू किती मोठा आहे ते, आणि तोही सारखा असेल तर भोवतालच्या अणूची विद्युतऋणता.